नाद लिनक्सचा : महाराष्ट्रातल्या एका छंदाचा इतिहास



इतिहासाची व्याख्यानं म्हटली की गड-किल्ले येतात, पेशवाई येते, फार तर गिरणगाव येतं. आज विषय वेगळा आहे. आज आपण एका छंदाचा इतिहास बघणार आहोत, आणि तोही आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांदेखत घडलेला. पोस्टाची तिकिटं जमवणारे असतात, पक्षी बघणारे असतात, जुनी ग्रामोफोन तबकडी शोधत फिरणारे असतात. तशीच गेली तीस वर्षं आपल्याकडे आणखी एक जमात आहे. संगणकावर लिनक्स घालणारी माणसं. घरचे म्हणतात, 'याला नाद लागलाय.' मराठीत छंद वेगळा आणि नाद वेगळा, हे तुम्हाला सांगायला नको. छंद वेळ घालवतो, नाद झोप घालवतो. हा दुसऱ्या जातीचा प्रकार आहे.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. म्हणणं असं की संगणक चालवणारी प्रणाली कुणा एका कंपनीच्या कुलपात नसावी. ती कशी चालते ते बघता यावं, बदलता यावं, दुसऱ्याला देता यावी. बरेच भाग तयार झाले, पण गाभा, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात तो, होत नव्हता. तो आला फिनलंडमधून. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी एक प्रणाली लिहितोय, पण हा आपला नुसता छंद आहे, काही मोठं होईल असं नाही. पुढच्याच वर्षी त्याने ती जीपीएल या परवान्याखाली आणली. या परवान्याचा नियम साधा आहे: घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा, पण पुढे द्याल तेव्हा मूळ लिखाणासकट द्या, आणि तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही द्या.

१९९१ हे साल मनात धरून ठेवा. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे आर्थिक उदारीकरण सुरू झालं. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक पुढे आणला. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानक भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षी स्वीकारलं, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तीत देवनागरी होती. म्हणजे आजच्या गोष्टीतले सगळे धागे एकाच वर्षी सुटतात. ते एकत्र यायला मात्र बारा-तेरा वर्षं लागली.

आता आपल्याकडे हे आलं कसं? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पहिल्यांदा मोजक्या महानगरांत. विद्यार्थ्यांसाठी त्यात एक स्वस्त खातं होतं, वर्षाला पाचशे रुपये. त्यात चित्रं दिसत नसत, फक्त अक्षरं. त्याला शेल अकाउंट म्हणत. आता गंमत बघा. हे खातं ज्या यंत्रावर चालायचं ते युनिक्स जातीचं. पत्र वाचायला 'पाइन', पानं बघायला 'लिंक्स'. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, उत्तर वाचायचं. गरिबाचं इंटरनेट म्हणून जे दिलं गेलं, त्यातून मुंबईतल्या कितीतरी पोरांना युनिक्सची अक्षरओळख झाली. पैसेवाल्यांना चित्रं मिळाली, यांना बाराखडी मिळाली.

मुंबई-पुण्याबाहेर, म्हणजे आपल्या नाशकात, धुळ्यात, जळगावात, तेही नव्हतं. तिथे लिनक्स आलं ते मासिकातून. १९९६ साली पीसी क्वेस्ट या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागचं मोठं नाव अतुल चिटणीस यांचं. बंगळूरला राहून त्यांनी देशभर लिनक्सचा प्रसार केला, पुढे फॉस डॉट इन हे संमेलन उभं केलं. २०१३ साली ते गेले. ज्या काळात ही प्रणाली फोनवरून उतरवायला कित्येक रात्री लागल्या असत्या, त्या काळात ती बुकस्टॉलवर मिळू लागली. २००३ पासून 'लिनक्स फॉर यू' हे स्वतंत्र मासिकच निघू लागलं. एक अंक, एक सीडी, आणि ती सीडी मग मित्रांत फिरायची. कॉपी करणं गुन्हा नाही, उलट करावीच, ही कल्पना त्या वयात भलतीच भारी वाटायची.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो इतिहासाचा म्हणून महत्त्वाचा आहे. लोक म्हणतात, लिनक्स फुकट म्हणून पोरांनी घेतलं. हे खरं नाही. त्या काळात आपल्याकडे विंडोज तरी कोण विकत घेत होतं? संगणक जोडून देणारा दुकानदार ते घालूनच द्यायचा. सकाळची पंचवटी पकडून मुंबईला जावं, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा, तर चहा-वड्याच्या पैशात हवी ती सीडी मिळे. म्हणजे दोन्ही फुकटच. अमेरिकेतल्या माणसाला लिनक्स घेऊन पैसे वाचत होते. नाशिकच्या पोराचा एक पैसा वाचत नव्हता, उलट त्रास वाढत होता. तरी त्याने ते घेतलं. का?

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ गुंतलेत, आणि स्टॉलमन यांना आयुष्यभर तो गुंता सोडवत बसावं लागलं. आपल्याकडे ती अडचणच नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. फुकट तर चोरीचा मालही असतो. मुक्त म्हणजे झाकण उघडून आत बघता येतं ते. घड्याळ उघडून बघणारं, रेडिओ खोलणारं पोर प्रत्येक गल्लीत असतं. विंडोजला झाकणच नव्हतं. लिनक्सला होतं, आणि आतल्या प्रत्येक चाकावर कुणी बनवलं त्याचं नावही होतं. ओढ त्याची होती.

आता रोजचं आयुष्य कसं होतं ते बघू, कारण छंदाचा इतिहास म्हणजे शेवटी दिनक्रमाचाच इतिहास असतो.

घरात संगणक एकच. वडिलांची पत्रं, बहिणीचा प्रकल्प, धाकट्याचे खेळ सगळं त्यावर. त्यातच हार्ड डिस्कचे तुकडे पाडून एक तुकडा लिनक्सला द्यायचा. हे काम म्हणजे वाटणीपत्रच. चुकीच्या रेघेवर बोट पडलं की दुसऱ्याची जमीन जाते. आणि संगणक सुरू होताना कुठली प्रणाली हवी ते विचारणारा 'लिलो' नावाचा कार्यक्रम असायचा. तो बिनसला की पडद्यावर नुसतं 'एलआय' एवढी दोन अक्षरं येऊन यंत्र गप्प. ती दोन अक्षरं पाहिलेला माणूस आजही ती विसरलेला नाही.

मग पडदा. खिडक्यांचं चित्र दिसण्यासाठी मॉनिटरची वारंवारता हाताने लिहावी लागे; चुकीचा आकडा दिला तर मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा माहितीपत्रकातच असायचा. मग मोडेम. आपल्याकडे मिळणारे स्वस्त मोडेम 'विनमोडेम' जातीचे, म्हणजे निम्मं काम विंडोजकडून करून घेणारे. लिनक्सवर ते मुके. बाहेरून जोडायचा खरा मोडेम महाग. त्यामुळे कितीतरी वर्षं पद्धत अशी, की विंडोजमध्ये जाऊन इंटरनेटवर उत्तर शोधायचं, कागदावर उतरवायचं, संगणक पुन्हा सुरू करून लिनक्समध्ये यायचं, करून बघायचं, नाही जमलं तर परत. या छंदाने एका पिढीला वहीत टिपणं काढायची शिस्त लावली. सरांनाही ते जमलं नव्हतं.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि वेळापत्रकच बदललं. त्यातल्या लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात कितीही उतरवा, पैसे नाहीत. दिवसा मात्र मोजून. त्यामुळे राज्यभर एक निशाचर वर्ग तयार झाला. लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम सुरू करणारा 'क्रॉन' नावाचा सेवक असतो. त्याला सांगून ठेवायचं: दोनला सुरू कर, आठच्या आत बंद कर. सकाळी उठल्यावर सातशे मेगाबाइटची सीडी किती आली ते बघायचं, ऑफिसला जाणाऱ्याने पेपर बघावा तसं.

आणि यात भर भारनियमनाची. तो काळ आठवत असेल तुम्हाला. वीज कधी जाईल याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज त्याबाहेरही जायची. उतरवणं अर्ध्यात तुटलं तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करणारी 'डब्ल्यूगेट'ची आज्ञा आपल्याकडे म्हणूनच इतकी प्रिय झाली. याहून मोठी गोष्ट फाइल प्रणालीची. जुन्या ईएक्सटी२ मध्ये अचानक वीज गेली तर पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासली जायची. मोठी डिस्क असेल तर चहा होऊन जेवणही व्हायचं. २००१ च्या अखेरीस ईएक्सटी३ मूळ गाभ्यात आलं. ते काम करण्याआधी रोजकीर्दीत नोंद करून ठेवतं, म्हणून वीज आली की काही क्षणांत हिशेब जुळवून उभं राहतं. जगभरच्या पुस्तकांत हा एक तांत्रिक टप्पा आहे. भारनियमनाच्या पट्ट्यात तो घरात शांतता आणणारा टप्पा होता.

मग उबुंटू. ऑक्टोबर २००४ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि त्यांनी जाहीर केलं, पत्ता कळवा, सीडी घरपोच, टपालखर्चही आमचा. हॉलंडहून पाकिटं येऊ लागली. परदेशातून पाकीट आलं म्हणून पोस्टमन पोचायला वर यायचा, शेजारी विचारायचे, काय आलं? २०११ पर्यंत हे चाललं. ज्या गावात इंटरनेट धड नव्हतं तिथेही लिनक्स टपालाने पोचलं, ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

छंद एकट्याचा असतो, नादाला मात्र संगत लागते. मुंबईत, पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचे गट झाले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नूनिफाय नावाचं वार्षिक संमेलन भरू लागलं. महाविद्यालयांत 'इन्स्टॉल फेस्ट' व्हायचे: आपापले डबे उचलून आणायचे आणि जाणत्याने घालून द्यायचं. सत्यनारायणाला लागतात तशी तयारीची यादी असायची, एक्स्टेंशन बोर्डापासून कोऱ्या सीडीपर्यंत. पण हेही सांगितलं पाहिजे की या संगतीत मुली फार थोड्या होत्या. रात्री दोनला घरचा संगणक कुणाच्या ताब्यात असायचा, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत कोण थांबू शकायचं, सीडी मागायला मित्राच्या घरी कोण जाऊ शकायचं, या प्रश्नांच्या उत्तरातच ते आलं. मुक्त प्रणाली सगळ्यांना मुक्त होती, वेळ मात्र नव्हता.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. या छंदाने मराठीसाठी काय केलं?

नव्वदच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर भरपूर लिहिला गेला. छापखाने, पेपर, सरकारी कचेऱ्या. पण तो युनिकोडमध्ये नव्हता. प्रत्येक कंपनीच्या फाँटाची स्वतःची गुप्त बाराखडी. एका फाँटात 'क' जिथे बसतो तिथे दुसऱ्यात 'ठ'. तो फाँट नसेल तर कागदावरची मराठी पडद्यावर रोमन चिन्हांचा कचरा दिसायची. म्हणजे भाषा आपली, पण तिची किल्ली दुकानदाराकडे. लिनक्सवर हे फाँट बहुधा मिळतच नसत. म्हणून लिनक्सवाल्या पोरांपुढे दुसरा मार्गच नव्हता, युनिकोड चालवणं भाग होतं. इंडलिनक्स हा प्रकल्प मुंबईच्या मंडळींनी सुरू केला तो याच गरजेतून. २००४ साली रेड हॅटने लोहित ही भारतीय लिप्यांची फाँटमाला मुक्त परवान्याखाली दिली. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयात भारतीय भाषांचं मोठं काम झालं, आणि त्यासोबत स्वयंसेवकही होते.

यातले बारकावे ऐका. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. एक गुरुजी, दुसरा स्वयंपाकी. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीला लागतो. पापणीसारखा तो आडवा र संगणकाला कळायला हवा असेल तर फाँटात त्याचं चित्र हवं, अक्षरं जोडणाऱ्या यंत्रणेला त्याचा नियम हवा, आणि टंकावर तो उमटवायची सोय हवी. तीन ठिकाणी तीन वेगळे लोक. एकाने चूक केली तर लग्नाच्या पंगतीत आचार्य वाढायला येतात! तीच गोष्ट मराठी ल आणि श यांची. यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी, म्हणून लोहितमध्ये मराठीसाठी वेगळी सोय करावी लागली. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य सरकारने वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढून ही वळणं ठरवून दिली. पण निर्णय कागदावर असतो. तो पडद्यावर आणणारा कुणीतरी, कुठेतरी, तक्रार नोंदवत बसलेला असतो: अमुक आवृत्तीत अमुक जोडाक्षर फुटतंय.

मग भाषांतर. 'सेव्ह'ला काय म्हणायचं? जतन करा, साठवा, की सेव्हच करा? 'फोल्डर' म्हणजे संचयिका की फोल्डर? मराठी माणूस आणि शब्दाचा वाद, रात्र पुरत नाही. २००८ मध्ये हिंदीपासून फ्यूएल नावाचा उपक्रम सुरू झाला: वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची, भाषेची जाण असलेली माणसं एकत्र बसवायची आणि एकदाचं ठरवायचं. मराठीही पुढे त्यात आली. या वादात हरलेले शब्द बरेच आहेत, पण वाद झाला हेच मोठं. बाकी ठिकाणी एखादी कंपनी ठरवते आणि आपण वापरतो.

मग एवढं सगळं असून लिनक्स आपल्याकडे घराघरात का नाही? केरळ बघा. तिथे सरकारी शाळांनी 'आयटी अ‍ॅट स्कूल' मधून मुक्त प्रणाली घेतली आणि लाखो मुलं तीवर शिकली. महाराष्ट्रात २००१ नंतर एमएस-सीआयटीची लाट आली. या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांत संगणक पोचवला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यात संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं, आणि बाकीचे मार्ग आपोआप छंदाच्या खात्यात गेले. केरळात लिनक्स हा अभ्यासक्रम झाला, महाराष्ट्रात तो नाद राहिला. माझ्या मते फरक गुणवत्तेचा नव्हता, ठरावाचा होता. इथेही प्रयत्न झाले. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय प्रणाली आणली, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने लिनक्सचे धडे मराठीत ऐकवले, केंद्राने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. पण तोवर बोटांना सवय लागून गेली होती.

आणि दरम्यान लिनक्स जिंकलंही, भलत्याच दाराने. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळे लिनक्सवर आहेत. निफाडचा द्राक्षबागायतदार खिशात लिनक्स घेऊन फिरतो, फक्त झाकण बंद करून दिलेलं. म्हणजे प्रणाली मुक्त, माणूस नाही. या विजयाचा आनंद मानायचा की कसं, हे तुमच्यावर सोडतो.

छंदानेही रूप बदललं. फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला, पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. त्यावर कुणी घरच्या बागेला पाणी सोडतं, कुणी जुन्या गाण्यांचा खजिना चालवतं. नाशकात २०१५ च्या कुंभाआधी कुंभथॉन भरलं. इथल्याच मातीतले, एमआयटीचे रमेश रासकर त्यामागे होते. गर्दीत किती माणसं पुढे गेली ते पावलांवरून मोजणारी अशिओटो नावाची चटई त्यातून आली. झाकण उघडून बघायची खोड गावात मुरली की तिचा उपयोग असा कुठेही होतो. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार थांबला. कितीतरी शाळांतली, वाचनालयांतली यंत्रं धडधाकट असून भंगारात निघतील. ती जगवायची विद्या ज्यांना येते, ते हेच लोक.

आता शेवटचा मुद्दा. हा इतिहास लिहायचा कशावरून? सीड्या खराब झाल्या, मासिकं रद्दीत गेली. पण आपल्या नाशिक-त्र्यंबकला एक जुनी पद्धत आहे: तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. कोण, कुठल्या गावचा, कधी आला, वहीत नोंद. भाषांतराच्या प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर अशीच नोंद असते: शेवटचा हात कुणाचा, कुठल्या तारखेला. पुढचा संशोधक याच वह्या उघडेल. त्यात त्याला काही वर्षं गजबजलेली दिसतील, आणि मग तारखांमधलं अंतर वाढत गेलेलंही दिसू शकेल.

काळजीची गोष्ट ही आहे. ग्नोम हा पडदा दर सहा महिन्यांनी नवा येतो, त्यात नवी वाक्यं येतात. भाषांतर थांबलं की मराठी जागच्या जागी मागे पडते. कुणी पुसावी लागत नाही.

आपल्या नाशिक-धुळ्याच्या पट्ट्यात, मोसम आणि पांझरेच्या काठी, कित्येक पिढ्या फड पद्धत चालली. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा. पाणी घ्यायचा हक्क, तसा गाळ काढायला यायचा बांधीलपणा. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. जीपीएल शिकवताना मला परदेशी उदाहरण लागत नाही, हे पुरतं. पण फडाचं पुढे काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्या त्याच्या विहिरी झाल्या, गाळ काढायला येणारे कमी झाले, आणि बंधारा शाबूत असूनही कित्येक पाट कोरडे पडले.

मराठी लिनक्सचा बंधारा शाबूत आहे. फाँट आहेत, युनिकोड आहे, शब्दयाद्या आहेत, सगळं मुक्त परवान्यात. गाळ काढायला मात्र माणसं हवीत, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावंच लागतं असं नाही. आचारी आणि आचार्य यांतला फरक कळला तरी सुरुवातीला पुरे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.